बातमीतल्या बाईला कोणी विचारलं?

(बुलढाणा येथे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या मैत्रिणींसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या वार्तालेखन शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. विषय होता : धर्म आणि मानवी हक्क यांची बातमी कशी करावी.)

काल संध्याकाळी चहाच्या वेळी मोताळ्याहून आलेल्या एका मैत्रिणीने मला विचारलं, "ताई, आम्ही बचत गट चालवतो, दारूबंदीसाठी बसतो, भांडणं मिटवतो. हे पत्रकाराचं काम आमच्या गळ्यात कशाला?" प्रश्न रास्त आहे. मीही पत्रकार नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं, आणि गेली दहा-बारा वर्षं याच जिल्ह्यात मेहकर, चिखली, लोणार या बाजूला काम करते. बातमी लिहायला मी ठेच लागल्यावर शिकले. ती ठेच कोणती, ते पुढे सांगेन. पण ठेच मला लागली आणि रक्त दुसरीचं सांडलं, एवढं आधीच कबूल करते.

आपण ज्या गावात बसलो आहोत तिथूनच सुरुवात करू. या बुलढाण्यात दीडशे वर्षांपूर्वी एक बाई राहत होती. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे होते. मुलींना शिकवण्याची रीत नव्हती, म्हणून त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. आता विचार करा. रेल्वे लांब मलकापूर-शेगावकडून जाते, इथे घाटावर गाव लहान, पुण्या-मुंबईच्या सभा-संमेलनांची हवा नाही. पण पेपर येत होते, आणि ताराबाई ते वाचत होत्या.

१८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवा असताना दिवस गेले, आणि जन्मलेलं मूल तिने मारलं, असा आरोप. कोर्टाने फाशी सुनावली, पुढे अपिलात शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने पेपरांतून चर्चा सुरू झाली ती बायकांच्या वर्तनाची. बायका बिघडल्या, नीती राहिली नाही, धर्म बुडाला. 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या पत्रातला असला मजकूर वाचून ताराबाई संतापल्या. त्यांनी लिहायला घेतलं आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यात छापून आलं. ५२ पानं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे.

त्या पुस्तकाला स्त्रीवादी वाङ्मयाचा पाया म्हणतात, ते बरोबरच आहे. पण आज मला ते दुसऱ्या अंगाने तुमच्यापुढे ठेवायचं आहे. बातमी कशी वाचावी, याचा तो पहिला धडा आहे. ताराबाईंनी काय केलं? पेपर म्हणत होता, बाई दोषी. त्यांनी विचारलं, या गोष्टीतला पुरुष कुठे गेला? पेपर म्हणत होता, धर्म असं सांगतो. त्यांनी विचारलं, हा धर्म लिहिला कोणी, आणि त्याचे नियम बाईला वेगळे, पुरुषाला वेगळे का? पेपर एका बाईवरून सगळ्या बायकांना नावं ठेवत होता. त्यांनी दुर्गुणांची यादी घेतली आणि एकेक दुर्गुण पुरुषांत आहे की नाही, हे तपासून दाखवलं. बातमीतून कोण गाळलं गेलं आहे ते शोधायचं, याहून वेगळं पत्रकारितेचं शिक्षण नसतं.

टीका झालीच. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा छापून आणेपर्यंत बहुतेकांना ते ठाऊकही नव्हतं. नव्वद वर्षांहून जास्त काळ एक बाई गप्प केली गेली. लिहिणाऱ्या बाईला एकटं सोडलं की काय होतं, ते यातून कळतं. त्याकडे मी शेवटी येईन.

सुरतेचं नाव निघालं म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. त्याच सुरतेत १८९७ मध्ये हंसा मेहता जन्मल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता. त्याच्या पहिल्या कलमात इंग्रजीत "ऑल मेन" असे शब्द होते, सगळे पुरुष असाही ज्याचा अर्थ होतो. हंसाबाईंनी हरकत घेतली आणि तिथे "ऑल ह्यूमन बीइंग्ज", म्हणजे सगळी माणसं, असे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला तो त्या शब्दांनिशी. कोणी म्हणेल, एका शब्दाने काय होतं? ज्या देशात विधवेला "माणूस" म्हणायला लोक तयार नव्हते, तिथल्या बाईला विचारा.

आता माझी ठेच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच भागातल्या एका लहानशा ठाण्यावर अमावास्येला गर्दी होते. ठाणं कोणतं, गाव कोणतं, तालुका कोणता, हे मी सांगणार नाही. ते का, हाच आजचा विषय आहे. अंगात येणारी, वारं लागलेली, डोकं फिरलेलं म्हणतात तशी माणसं तिथे आणतात. त्यांत बाया जास्त. मी आमच्या संस्थेच्या कामासाठी गेले होते. तिथे एका झाडाच्या बुंध्याला साखळीने पाय बांधलेली पंचविशीतली बाई मी पाहिली. तिच्यासमोर ताटलीत भाकर होती आणि तिला माश्या बसल्या होत्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बुवाशी बोलले, सासूशी बोलले, चौकीवर जाऊन हवालदाराशी बोलले. घरी येऊन रात्रीतून लेख लिहिला आणि एका पेपरच्या जिल्हा पुरवणीला दिला. तिसऱ्या दिवशी छापून आला. मथळा मी दिलेला नव्हता, तो टेबलावर बसलेल्या कोणीतरी दिला. त्यात भूत होतं, बाजार होता आणि त्या ठाण्याच्या धर्माचं नाव होतं. बाईचं नाव मी लिहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, काळजी घेतली. पण मी तिचं गाव लिहिलं होतं, नवरा काय करतो ते लिहिलं होतं, दोन मुली आहेत हे लिहिलं होतं. त्या गावात असं घर एकच होतं. नाव लिहायचं बाकी काय राहिलं?

आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. घराण्याची अब्रू पेपरात गेली म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकलं, मुली ठेवून घेतल्या. आणि दुसरी गोष्ट. ठाणं एका धर्माचं होतं, बाई दुसऱ्या धर्माची होती. माझ्या लेखाच्या झेरॉक्स काढून काही पोरांनी शेजारच्या गावांत वाटल्या. "बघा, ते आपल्या बायांचं काय करतात." दोन दिवस बाजार बंद राहिला. तिला तिथे नेणारी तिची स्वतःची सासू होती, आणि त्याच झाडाखाली दोन्ही धर्मांच्या बाया बसलेल्या होत्या. पण लेखात मी ते ठळकपणे लिहिलं नव्हतं. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. सुदैवाने दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी निभावलं. दगड पडला असता तर माझ्या लेखाच्या कात्रणात गुंडाळून पडला असता.

तीन महिन्यांनी मी तिच्या माहेरी गेले. ती अंगणात तूर निवडत होती. मी माफी मागितली. ती रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, "ताई, तुमी समद्यायले इचारलं. बुवाले इचारलं, सासूले इचारलं, पोलिसाले इचारलं. मले नाई इचारलं."

मी म्हटलं, तुझी अवस्था तेव्हा बोलण्यासारखी नव्हती.

ती म्हणाली, "इचारून तं पाहाचं होतं."

मग मी विचारलं आणि ती सांगत गेली. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर तिची झोप गेली होती. कानात आवाज येत. तिने डॉक्टरकडे न्या म्हणून सांगितलं होतं, दुसरीही मुलगीच झाली म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. त्या ठाण्यावर पहिल्यांदा ती स्वतः हट्टाने गेली होती. का? "तठी कोनी काम नाई सांगे. लिंबाखाली झोप लागे." साखळी नंतर आली, ती घरी परत यायला नाही म्हणाली तेव्हा. देवावर तिचा राग नव्हता. साखळीवर होता. आणि मुली नेल्या त्याच्यावर होता.

मैत्रिणींनो, या बाईची बातमी काय होती? मी लिहिली ती, की ही? मी अंधश्रद्धेची बातमी लिहिली. खरी बातमी होती ती बाळंतिणीच्या आजाराची, मुलीच्या जन्माने उतरलेल्या किमतीची, आणि कष्टकरी बाईला घडीभर निजायला देवाच्या दाराशिवाय जागा नाही, याची. धर्म त्या बातमीत होता, पण मी पाहिला तिथे नव्हता.

(तिचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचारणारच. औषधोपचार सुरू झाले, तब्येत सुधारली. मुलींसाठी कोर्टात जावं लागलं. धाकटी तिच्याकडे आली. मोठी आली नाही. हे तिच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असं काही या हकिकतीत ठेवलेलं नाही.)

त्यानंतर मी शिकायला सुरुवात केली. तालुक्याच्या ठिकाणी एक जुने बातमीदार होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या मागे-मागे मी कोर्ट, तहसील, पोलीस ठाणं हिंडले. काका म्हणायचे, "आधी फिर्याद वाच, मग माणसं भेट, मग परत फिर्याद वाच. दुसऱ्यांदा वाचताना कळतं, फिर्यादीत काय लिहिलेलं नाही." समाजकार्याच्या कॉलेजात मला शिकवलं होतं की समोरच्या बाईचं बोलणं पोटात ठेवायचं असतं. बातमीदारीत शिकवतात, जे दडवलं जातं ते बाहेर काढायचं असतं. सुरुवातीला मला वाटायचं, हे दोन्ही एका माणसाला जमणार नाही. आता वाटतं, आपल्याला जमेल ते याच कारणाने. काय पोटात ठेवायचं आणि काय चव्हाट्यावर आणायचं, हे ज्याला कळतं त्यानेच धर्माची आणि हक्काची बातमी करावी.

ही रेघ कुठे मारायची? याचं उत्तर सोपं करून सांगते. माणूस काय मानतो, ही बातमी नव्हे. त्या मानण्याच्या नावाखाली कोणाचं काय हिरावलं गेलं, ही बातमी. आपल्या घटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला आपापला धर्म मानण्याचं, आचरण्याचं स्वातंत्र्य देतं. पण तेच कलम त्या स्वातंत्र्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांची मर्यादाही घालतं. म्हणजे बाईचा समतेचा आणि जगण्याचा हक्क धर्माच्या दारात चपलांसारखा काढून ठेवायचा नसतो.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याचंच पाहा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, चारच दिवसांनी वटहुकूम निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. हा कायदा धर्मावर घाला आहे, अशी ओरड झाली. तो वाचा. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन यांना तो हात लावत नाही, तसं त्यात लिहिलंच आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधणं, मारहाण करणं, साप-विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचार घेऊ न देणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. माझ्या त्या लेखात या कायद्याचा शब्दही नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला बंदी केली आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आसऱ्याच्या झोपडीला आग लागली, साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा जीव गेला. ती बातमी देशभर गेली. पण ती माणसं जिवंत असताना, साखळीत असताना बातमी व्हायला हवी होती. आपण करायची ती ही बातमी.

आता दुसरी बाजू. धर्माच्या विरोधात बोलणारे बाहेरचे आणि धर्माच्या आतल्या बाया मुक्या, असं चित्र पेपरात नेहमी दिसतं. ते खोटं आहे. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जेमतेम चौदा वर्षांची पोर. ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याचाही आम्हाला अधिकार नाही तो धर्म आमचा कसा, हे तिने विचारलं, आणि त्याच निबंधात आपल्या समाजातल्या बाळंतिणींचे हाल मांडले. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बाईचं दुःख तिला धर्माच्या प्रश्नापासून वेगळं वाटलं नाही. मला ते कळायला एम.एस.डब्ल्यू. होऊन वर एक ठेच खावी लागली.

१८ एप्रिल १९६६ ला मुंबईत हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायांनी सचिवालयावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. सातच जणी. दलवाई स्वतः 'मराठा'मध्ये पत्रकारी केलेले. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. एका दमातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला रद्दबातल ठरवला, म्हणजे त्या सात जणींनंतर एक्कावन्न वर्षांनी. पुढे २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. तेव्हा स्त्री संघटनांतच मतभेद झाले. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा प्रश्न मुस्लिम बायांनीच विचारला. बातमी करताना हे दोन्ही आवाज यायला हवेत. एकच घेतला की आपण कोणाच्या तरी हातातलं पत्रक होतो.

तसंच २०१६ चं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायांना जाऊ देत नव्हते. पडद्यावर दिसली ती ढकलाढकली आणि घोषणा. पण विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि हिंदू सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेश देणारा महाराष्ट्राचा कायदा १९५६ पासूनच आहे, तो अमलात आणा, एवढंच त्यांनी मागितलं. म्हणजे हक्क साठ वर्षं कागदावर होता आणि कोणी कागद वाचला नव्हता. त्या वर्षी गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा बायांचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला. तो दावा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायांनी केला होता. दोन्ही बातम्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या तर कळतं, दार अडवणाऱ्यांचा धर्म वेगळा असला तरी कारणं तीच असतात.

आता कामाचं बोलू. उद्या तुम्हाला प्रत्यक्ष बातमी लिहायची आहे. मी स्वतःसाठी काही प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत, ते सांगते.

पहिला : तिला विचारलं का? जिच्यावर बेतलं तिला, एकटीला, सासू-नवरा-सरपंच समोर नसताना. छापायला तिची परवानगी आहे का? लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं का? आज हो म्हणालेली बाई उद्या नाही म्हणू शकते. तो तिचा हक्क आहे, आपली बातमी बुडली तरी.

दुसरा : ती ओळखू येते का? बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. लहान मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदा आहे. पण गुन्हा ठरत नसला तरी आपल्याला नियम एकच. नाव गाळून गाव, जात, नवऱ्याचा धंदा, मुलांची संख्या ठेवली तर काही गाळलेलं नाही. माझ्या अनुभवावरून शिका, तुमच्या नको.

तिसरा : हिरावलेला हक्क कोणता, आणि तो कोणत्या कायद्यात आहे? "अन्याय झाला" हे आपल्या मोर्च्यात चालतं, बातमीत कलम लागतं. जातपंचायतीने एखादं घर वाळीत टाकलं तर नुसती हळहळ नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, तक्रार नोंदली का, हे विचारा.

चौथा : कागद हातात आहे का? फिर्यादीची नक्कल, पंचनामा, दवाखान्याचा कागद, ट्रस्टचा ठराव. मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज. ऐकीव गोष्ट ही सुरुवात असते, बातमी नसते. मोबाइलवर आलेला व्हिडिओ कोणाचा, कधीचा, कोणत्या गावचा, हे कळेपर्यंत पुढे ढकलायचा नाही. ढकलला तर आपणही त्या झेरॉक्सवाल्या पोरांतल्याच.

पाचवा : धर्माचं किंवा जातीचं नाव या बातमीत का आहे? त्याशिवाय बातमी कळत नसेल तर जरूर लिहा. दलित बाईवर दलित म्हणून अत्याचार झाला तर जात लपवणं हा दुसरा अत्याचार आहे. पण मोटारसायकल चोराच्या बातमीत त्याचा धर्म कशाला? आणि एका बुवाचं, एका मौलवीचं, एका पाद्र्याचं कृत्य हे साऱ्या धर्माचं कृत्य नसतं, जसं विजयालक्ष्मीचं कृत्य साऱ्या बायकांचं नव्हतं.

सहावा : समोरच्याला विचारलं का? पुजारी, मुजावर, ट्रस्टी, पंच. आपल्याला राग असला तरी जायचं, नम्रपणे विचारायचं, म्हणतील ते तसंच लिहायचं. पण दोन्ही बाजू घ्यायच्या म्हणजे तराजू धरून खरं-खोटं समसमान तोलायचं नव्हे. साखळी होती की नव्हती, हे आपण डोळ्यांनी पाहून लिहायचं.

सातवा : शब्द कोणाचे? "पळून गेली" की घर सोडून गेली? "टाकलेली" की टाकून दिली गेली, आणि टाकली कोणी? "भूतबाधा झालेली" की आजारी? कर्ता लिहा. मराठी वाक्यात कर्ता गाळता येतो, आणि बायांच्या बातम्यांत तोच नेमका गळतो.

मथळ्याचंही सांगते. मथळा आपण देत नाही, पण पर्यायी मथळा लिहून पाठवू शकतो, आणि छापण्यापूर्वी फोन करून विचारू शकतो. मी आता दरवेळी करते. कधी ऐकतात, कधी नाही. न ऐकणाऱ्याला पुढची बातमी द्यायची की नाही, हे आपण ठरवायचं.

आता भीतीचं. तुम्ही विचारणार, ताई, आम्हाला त्याच गावात राहायचं आहे. खरं आहे. शहरातला बातमीदार जीपमध्ये बसून निघून जातो, आपल्याला दुसऱ्या दिवशी त्याच नळावर पाणी भरायचं असतं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे, पण कायदा नळावर येऊन उभा राहत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, एकटीने लिहायचं नाही. दोघींनी जायचं, तिघींनी वाचायचं, गटाच्या नावाने छापायचं. उत्तर प्रदेशात चित्रकूटमध्ये २००२ मध्ये 'खबर लहरिया' सुरू झालं. खेड्यातल्या, बहुतेक दलित समाजातल्या बायांनी, बुंदेली बोलीत बातमीपत्र काढलं. त्यांतल्या कित्येकींचं शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं होतं. आज त्या मोबाइलवर बातम्या करतात आणि त्यांच्यावर निघालेला माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्या टिकल्या कारण त्या अनेकजणी होत्या. ताराबाई एकट्या होत्या.

शेवटी एवढंच. आज घरी जाताना एक काम करा. तुमच्या गावात येतो तो कोणताही पेपर घ्या. त्यात बाई आणि धर्म, बाई आणि जात, बाई आणि रूढी अशी एक बातमी शोधा. तिच्यात कोण-कोण बोललं आहे, त्यांची नावं समासात लिहा. पोलीस, वकील, पुढारी, बुवा, शेजारी. आणि पाहा, ती स्वतः बोलली आहे का. नसेल, तर उद्या सकाळी आपण तिथूनच सुरू करू.

माझी ती मैत्रीण, तूर निवडणारी, तिला मी या भाषणाआधी फोन केला होता. म्हटलं, तुझी गोष्ट सांगू का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगा. पन या टायमाले नीट सांगा."

सांगितली. नीट सांगितली की नाही, ते तिला वाचून दाखवल्यावर कळेल.